डोळ्यांची सुट्टी

डब्याचं झाकण पडलं.

स्टीलचं झाकण, एकदा वाजून गप्प बसेल तर ना. कडेवर उभं राहून ते फरशीवर गोल गोल फिरायला लागलं आणि दर फेरीला त्याचा आवाज बारीक, घाईघाईचा होत गेला. रविवारची दुपार, तीनचा सुमार. मी स्वयंपाकघरात चटईवर उताणी पडले होते, एका कानात इयरफोन, डोळे मिटलेले. उघडून पाहिलं तर संस्कृती ओट्याखाली बसलेली. एका हातात शेंगदाण्याचा लाडू, आणि झाकण थांबवायला तिनं आपला पाय त्याच्यावर दाबून धरलेला. श्वास रोखून ती आतल्या खोलीच्या दाराकडं बघत होती.

आत पलंग करकरला. राजेंद्रनी कूस बदलली. मग पुन्हा नुसता पंखा.

"नाय उठले पप्पा," ती म्हणाली. म्हणाली म्हणजे नुसते ओठ हलवले. आवाज न काढता बोलायला ती फार लवकर शिकली. चार वर्षांची आहे.

मुकुंदवाडीतलं आमचं हे दोन खोल्यांचं घर दिवसा झोपतं. राजेंद्र, माझे मिस्टर, वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कायमच्या रात्रपाळीला आहेत, संध्याकाळी सात ते सकाळी सात. मी शेंद्र्याला, औषधाच्या कंपनीत, सकाळी सात ते साडेतीन. शहराची दोन टोकं. माझी बस सहाला, ते घरी येतात सव्वाआठला. मधल्या वेळात संस्कृती गल्लीतल्या लीलाबाईंकडं. मी साडेचारला घरी येते तेव्हा ते झोपलेले, पाचला उठतात, पाच चाळीसला त्यांची बस. म्हणजे दिवसातली चाळीस मिनिटं आम्ही दोघं एकाच वेळी जागे असतो, आणि त्यातली निम्मी डबा भरण्यात जातात. माझी सुट्टी रविवारची, त्यांची शुक्रवारची. शुक्रवारी रात्री ते घरी असतात, पण त्यांची झोपच उलटी बसलीय. अंथरुणावर तळमळतात, मग उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसतात.

आणि संस्कृतीनं बापाचं घड्याळ घेतलंय. बालवाडीतून आली की दुपारभर ती त्यांच्या कुशीत झोपते. तिला जागं ठेवावं तर ती खेळणार, खेळली की आवाज होणार, आवाज झाला की ते उठणार. आणि मशीनवर बसलेल्या माणसाची झोप मोडलेली परवडत नाही. म्हणून झोपू द्यायचं. मग रात्री बारा, कधी एक वाजेपर्यंत ती टक्क जागी. तिला गोष्टी सांगायला मी. साडेचारला उठायलाही मीच.

हे असं वर्षभर निभलं. अडलं ते माझ्या डोळ्यांपाशी.

माझं काम बघण्याचं आहे. इंजेक्शनच्या काचेच्या बारक्या बाटल्या, आम्ही त्यांना व्हायल म्हणतो, एकेक उचलायची. हलकी गिरकी द्यायची. पांढऱ्या पाटीसमोर पाच आकडे मोजेपर्यंत धरायची, मग काळ्या पाटीसमोर पाच. पांढऱ्यावर काळा कण दिसतो, काळ्यावर काचेचं कुसळ चमकतं, धागा असला तर तरंगतो. दिसलं की लाल ट्रेमध्ये, नाही दिसलं की पुढं. ही बाटली कुणाच्या तरी शिरेत जाणार आहे, एवढं लक्षात ठेवा, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते माझ्या मनात बसलं ते बसलंच.

दर तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसायची सक्ती असते. शेजारीच एक अंधारी खोली आहे, तिथं खुर्च्या मांडल्यात. आम्ही बायका त्याला डोळ्यांची सुट्टी म्हणतो. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून त्या सुट्टीत डोळे सोडून बाकी सगळं चालू असतं. कुणाची जाऊ काय बोलली, कुणाच्या दिराला कशी मुलगी बघितली.

वर्षातून एकदा आमच्या डोळ्यांची परीक्षा होते. शंभर बाटल्या पुढं ठेवतात, त्यात काही मुद्दाम खराब मिसळलेल्या. किती आणि कुठल्या, ते फक्त आमच्या सुपरवायझर मोनाली मॅडमना ठाऊक. आणि परीक्षा घेतात शिफ्टच्या शेवटच्या तासाला. ताजे डोळे काय, सगळ्यांचेच चांगले असतात. थकलेले चालतात का ते बघायचं असतं. तीन वर्षं मी सहज पास झाले. यंदा, त्या झाकणाच्या आदल्या दिवशी, मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, खराब एकही सोडली नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण चांगल्या नऊ बाहेर काढल्या."

"त्यात कण होते मॅडम."

"नव्हते. मी बघितल्या, सरांनी बघितल्या, मशीनमधून काढल्या."

"मला दिसले पण."

मोनाली मॅडम माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, त्यामुळं रागावताना त्यांचीच पंचाईत होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "किती झोपता?"

"झोपते की."

"किती, ते विचारलं."

"साडेतीन तास. पाणी आलं तर त्याहून कमी." पाणी आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतं, आणि कुठल्या वेळी ते त्यालाच माहीत.

"चांगलीला खराब म्हणणं, हे पण नापासच असतं ताई. पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊ. त्याच्यानंतर माझ्या हातात नाही." मग दार उघडता उघडता म्हणाल्या, "एक योगनिद्रेचं रेकॉर्डिंग पाठवते. वीस मिनिटं पडून ऐकायचं फक्त. माझी एमएससीची परीक्षा त्याच्यावर निघाली."

दुसऱ्यांदा नापास झालं की तपासणीतून काढून पॅकिंगला टाकतात. पॅकिंगला पाळ्या फिरत्या. दुपारपाळी लागली की मी घरी पोचणार मध्यरात्री, आणि पाच चाळीसनंतर पोरीला बघायला घरात कुणी नाही. लीलाबाई संध्याकाळी मेसवर पोळ्या लाटायला जातात. मग राहिलं गंगापूर, सासूबाईंचं घर. संस्कृतीला तिकडं ठेवायचं आणि महिन्यातून दोनदा जीपनं जाऊन बघून यायचं. हे कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण घरात ते येऊन बसलं होतं.

त्या संध्याकाळी मी मोरीतल्या पांढऱ्या फरशीकडं बघितलं, तर तो कण तिथंही होता. डोळा उजवीकडं नेला, तो उजवीकडं गेला. खाली आणला, खाली आला. असे कण सगळ्यांच्याच डोळ्यांत असतात म्हणे. माझ्यातही होते, पण धड झोपलेली असताना मला ते ओळखू यायचे, मी त्यांना बाजूला सारून बाटली बघायचे. आता ओळखायची ताकदच राहिली नव्हती. नऊ चांगल्या बाटल्यांमध्ये मी माझाच शिणवटा बघून आले होते.

तर ते रेकॉर्डिंग. एक भारदस्त आवाजाचे गृहस्थ सावकाश सांगायचे, आपले लक्ष उजव्या पायाच्या अंगठ्यावर आणा. अंगठा शिथिल. घोटा शिथिल. गुडघा शिथिल. गुडघ्याच्या वर मी कधी गेलेच नाही. गुडघ्यापाशी मला गाढ झोप लागायची आणि वीस मिनिटांनी घंटा वाजली की मी दचकून उठायचे. डोकं आधीपेक्षा जड, तोंड कोरडं, कुठं आहे ते कळायला मिनिटभर लागायचं. त्या रविवारी तर गुडघ्यापर्यंतही पोचले नाही. त्याआधीच झाकण पडलं.

मंगळवारी बसमधून उतरून गल्लीत शिरले तर लीलाबाई दारात लसूण सोलत बसलेल्या.

"काय गं, तोंड का असं वाळलंय?"

"झोप नाही."

"मंग ये, पड इथं. तुझा नवरा काय आत्ताच उठत नाय, अन् पोर बी त्याच्यापाशी निजलीय. आत्ताच बघून आले मी."

मी पडले त्यांच्या सतरंजीवर. त्यांनी लसणाचे हात लुगड्याला पुसले आणि माझा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला. मी काढून घ्यायला गेले. "अहो, पायाला काय..."

"गप पड. मोठी आली मानाची."

संस्कृती झाली तेव्हा तिची मालिश लीलाबाईंनीच केली होती, चाळीस दिवस. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासूबाई आल्या होत्या, पण त्यांना शेत सोडून राहता येईना. तर लीलाबाई पाय पसरून पाटावर बसायच्या, पायांवर लेकरू, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत राहायच्या. मला तेव्हा वाटायचं, देवाधर्माचं काहीतरी असेल.

"तुझी पोर अर्ध्या मालिशीत निजायची, ध्यानात हाय का?" त्या माझा तळवा दाबत म्हणाल्या. "तिला मी झोप म्हणत नव्हते बरं का. म्हणायचे, हा पाय कुणाचा? संस्कूचा. दे इकडं. ठेवला खाली. ही पोटरी कुणाची? दे. ठेवली खाली. एकेक तिच्याकडून मागून घ्यायचं अन् ठेवून द्यायचं. शेवटाला लेकराजवळ धरून ठेवायला काही उरतच नाय. मंग ते निजतंय, नायतर नुसतं गप पडून राहतंय. दोन्ही बरंच."

"मला तर लगेच झोप लागते. मग उठवत नाही."

"तू झोपेला बोलावतीस म्हणून. तिला बोलवायचं नाय. आली तर आली. तू आपलं ठेवत जा खाली."

"विहारात शिकवलं का हे?" लीलाबाई दर रविवारी विहारात ध्यानाला बसतात.

"तिथं ताठ बसावं लागतं बाई, माझ्या कंबरेला नाय झेपत. हे आपलं लोळून करायचं हाय." आणि स्वतःच हसल्या. "आता बोलू नको. हा पाय कुणाचा?"

"माझा."

"तुझं नाव नाय का?"

"करुणाचा."

"दे इकडं. ठेवला खाली."

तेल नव्हतं, कोरडाच हात होता, पोळपाट-लाटण्यानं घट्टे पडलेला. त्या पायावरून हातावर आल्या, एकेक बोट ओढून सोडत गेल्या, आणि मला एकदम आठवलं की कितीतरी दिवसांत मला कुणी हात लावला नाही. संस्कृती लावते, पण काहीतरी मागायला. राजेंद्रची बोटं डबा घेताना लागतात, तेवढीच. तक्रार म्हणून नाही सांगत. नुसतं आठवलं. लीलाबाई टाळूपर्यंत पोचल्या तोवर मी झोपले नव्हते. लसणाचा वास येत होता, बाहेर भंगारवाला ओरडत होता, सगळं ऐकू येत होतं. फक्त त्यातलं काहीच मला धरून ठेवायचं नव्हतं. उठले तेव्हा बारा मिनिटं झाली होती. त्यांच्या दारासमोरची भिंत पांढरी आहे. तिच्याकडं बघितलं. कण होताच. पण तो माझा आहे, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून डोळ्यांच्या सुट्टीत मी कोपऱ्यातली खुर्ची धरली. पाय पसरले, हात मांडीवर उताणे टाकले. हा पाय कुणाचा. करुणाचा. दे. पहिल्या दिवशी बायकांनी मजा घेतली.

"करुणा चालली हिमालयात."

"ए, हलवून बघा गं तिला, आहे का गेली."

"आहे," मी डोळे न उघडता म्हणाले, "फक्त पाय ठेवलेत खाली, घेऊ नका कुणी." त्या हसल्या आणि पुन्हा दिराच्या लग्नाकडं वळल्या. तीन-चार दिवसांनी त्यांनी मला त्या खुर्चीसारखंच धरलं, म्हणजे असते तिथं, बोलत नाही. मला ते हवंही होतं आणि नकोही. आधी निदान कुणीतरी विचारायचं, आज भाजी काय आणली.

घरी साडेचार ते पाच. ते दोघं आत झोपलेले, मी चटईवर. कधी संस्कृती आधी उठून बाहेर यायची. एकदा तिनं ऐकलं मी काय पुटपुटते ते, आणि कामच हाती घेतलं. माझ्या पायाशी बसून कानात सांगावं तशी हळू विचारायची, "हा पाय कुणाचा?"

"आईचा."

"दे. ठेवला." मग दुसरा. मग पुन्हा पहिलाच. तिच्या हिशेबानं मला चार पाय होते आणि पोट नव्हतंच. मला हसू यायचं, आणि हसू आलं की सगळं सोडलेलं परत गोळा व्हायचं. पण तिला नको म्हणवेना.

खरं सांगायचं तर झोप भरून निघत नव्हती. झोप ती झोपच. रात्री एकला पडून साडेचारला उठायचं, त्यात मिनिटाचा फरक नव्हता. बसमध्ये मान लटकायची, भाजीत दोनदा मीठ पडायचं. एका शुक्रवारी मी चष्मा घातलेला असताना चष्मा शोधला. एवढंच की कामाच्या तासाला मी कामापाशी असायचे. दहा मिनिटं सगळं खाली ठेवून उठलं की पन्नास मिनिटं डोळा स्थिर राहायचा. पन्नासची साठ होत नव्हती. शेवटची दहा मिनिटं मी पाच आकड्यांऐवजी सात मोजायचे.

परीक्षेच्या चार दिवस आधी सासूबाईंचा फोन आला. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"पोरीला आणून सोडा इकडं," त्या म्हणाल्या. "अंगण हाय, वासरू हाय. रातची निजंल तरी पोर. तुमच्या तिथं काय, दिवसा गप अन् रातीला उजेड."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेच टोचलं.

त्या संध्याकाळच्या चाळीस मिनिटांत मी राजेंद्रना सांगितलं. ते पायरीवर बसून बूट घालत होते.

"तात्पुरतं म्हणत असंल आई," ते म्हणाले.

"मी नापास होणार असं धरूनच चाललात तुम्ही."

"धरून कुठं चालतो गं, मी झोपेतच चालतो." मग माझं तोंड बघून आवाज उतरवला. "तसं नाय. तू पास होशील. झालीस की हाय असंच चालू राहील. मी रात्र सोडत नाय, तू सकाळ सोडत नाय, पोरगी घरात. दिवसा पोरीजवळ कुणीतरी पाहिजेच ना."

"हो."

"चांगलंच हाय की."

"चांगलंच आहे."

दोघांनीही बुटाच्या नाडीकडं बघत म्हटलं ते. मग गल्लीच्या तोंडाशी बसचा हॉर्न वाजला.

परीक्षेच्या आदल्या रात्री पाणी आलं. दीड वाजता, नुकता डोळा लागला असताना. मोटर लावली, ड्रम भरले, टाकी भरली, हंडे, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा. संस्कृती उठलीच, उपड्या बादलीवर बसून तिनं मला बालवाडीतली सगळी बडबडगीतं म्हणून दाखवली. चार वाजता पाणी गेलं. साडेचारला उठायचं तर झोपायचं कशाला, म्हणून मी कणीक मळायला घेतली.

त्या दिवशी डोळ्यांच्या प्रत्येक सुट्टीत मी कोपऱ्यात होते, आणि पहिल्या तीन वेळा मला काहीच जमलं नाही. पाय मागितला तर पाय येईना. डोक्यात गंगापूरचं अंगण, तिथं वासरापाशी एकटी उभी संस्कृती, संध्याकाळी दाराकडं बघणारी. मी तिला तिथून हलवायचे, ती परत तिथंच. चौथ्या वेळी लीलाबाईंचा आवाज आठवला, गप पड, मोठी आली मानाची. म्हटलं, बरं. वासरू बी ठेव खाली. अंगण ठेव खाली. ते कुणाचं? करुणाचं. दे इकडं.

दुपारी सव्वादोनला शेवटची सुट्टी. त्याच्यानंतर परीक्षा. मी बसले. पाय दिले. पोटऱ्या दिल्या. पोट, छाती. उजवा हात दिला, एकेक बोट. डाव्या हाताशी आले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडू नव्हतं ते, हुंदका नाही, काही नाही. आपोआप कानाकडं ओघळत होतं. शेजारी दोघी साबुदाणा भिजवण्यावरून वाद घालत होत्या. कुणी बघितलं नाही. मी पुसलं नाही. टाळूपर्यंत गेले. बेल झाली तेव्हा डोळे धुतल्यासारखे झाले होते.

मोनाली मॅडमनी घड्याळ लावलं. एक. दोन. तीन. पांढरं, काळं, पुढं. अकराव्या बाटलीत धागा होता, लाल ट्रे. सव्विसावीच्या तळाशी काच होती. चाळीसपर्यंत हात आपोआप चालला. त्रेपन्नावी बाटली पांढऱ्या पाटीसमोर धरली आणि कण दिसला. बारीक, करडा, मधोमध. हात लाल ट्रेकडं निघाला होता. थांबवला. खरा कण असला तर गिरकी थांबली की खाली बसतो, त्याला वजन असतं. हा बसत नव्हता. पण मला एवढा वेळ बघायची मुभा नव्हती. मी डोळे मिटले. एकच श्वास. जबडा सोडला. उघडले. बाटली स्वच्छ होती, पाण्यासारखी. पुढं ठेवली.

असं आणखी दोनदा झालं. शहात्तरावीला डोळे मिटून उघडले तरी कण तिथंच होता आणि सावकाश खाली उतरत होता. कधी नव्हे ते एखादा कण बघून मला बरं वाटलं.

मॅडमनी केबिनमध्ये कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला. "खराब सगळ्या पकडल्या. चांगली एक काढलीत. एक चालते." मग हसल्या. "रात्री झोपलात वाटतं शेवटी."

"नाही. पाणी आलं होतं."

त्यांचं हसू जागीच राहिलं. त्यांनी पेन माझ्यापुढं सरकवलं. "सही करा," म्हणाल्या.

घरी आले तेव्हा राजेंद्र नेमके लवकर उठलेले, तोंडात ब्रश. मी दारातूनच मान हलवली. ते फेसाळल्या तोंडानं काहीतरी मोठ्यानं म्हणाले, त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि संस्कृतीला उचलून त्यांनी छतापर्यंत नेलं. ती किंचाळली. दिवसाउजेडी आमच्या घरात एवढा आवाज कितीतरी महिन्यांनी झाला असेल. मी चहा टाकला. ते आईला फोन करून म्हणाले, "नाय आणत गं तिला. व्हय. पास झाली. हाय असंच चालू आता." मी डबा भरत होते. त्यांनी पाठीमागून येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलीच्या ठेवावा तसा, थोडा वेळ. मला वळायचं होतं, पण दोन्ही हात पिठाचे होते, आणि पाच पस्तीस झाले होते.

बस गेली. मी दार लावलं. आतल्या खोलीत त्यांची गादी तशीच पसरलेली होती, चादर पायथ्याशी गोळा झालेली. मला चटईपर्यंतही जाववेना. तिथंच पडले. गादी अजून त्यांच्या अंगानं ऊबदार होती. खिडकीतून संध्याकाळचं ऊन भिंतीवर आलं होतं, समोरच्यांच्या टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं. संस्कृती आली आणि माझ्या पोटाला पाठ लावून पडली. मी तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिले. आता पंधरा वर्षं हे असंच चाललं तरी चालेल, असं एक क्षण वाटलं. आणि दुसऱ्या क्षणी ती पंधरा वर्षं डोळ्यांपुढं आली.

"आई," ती म्हणाली.

"हं."

"तू पास झाली ना?"

"झाले."

"म्हणून मला आजीकडं नाय जायचं."

"नाही जायचं. तू इथंच."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग तिनं वळून माझ्याकडं तोंड केलं, हातानं गादीची उरलेली रिकामी बाजू थोपटली, आणि या घरात शिकलेल्या त्या बिनआवाजी बोलण्यात नाही, चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं,

"मंग आता आपण तिघं एकदम कधी झोपायचं?"